मेंढरं आपण होऊन बसतील तिथं

शेवंताअक्कांची आणि माझी ओळख झाली ती मी त्यांना एक चुकीचा प्रश्न विचारला म्हणून. कृषी पदवी हातात पडून तेव्हा वर्षही झालं नव्हतं. बारामतीच्या एका लहान संस्थेत मी नोकरीला लागले होते आणि निमगाव केतकीच्या पलीकडे माळावर राहणाऱ्या मेंढपाळ कुटुंबांची माहिती भरून आणण्याचं काम माझ्याकडे आलं होतं. एका दारात लोकर कातरणं चाललं होतं. कातरणाऱ्या बाईंसमोर मी छापील कागद धरला आणि पहिला प्रश्न विचारला, "तुमच्याकडे मेंढ्या किती?"

कात्री थांबली. बाईंनी माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "बाय, तुझ्या आयच्या कपाटात सोनं किती हाय गं?"

मी कागद खाली घेतला.

"न्हाय सांगवत न्हवं? मग बस हितं. ह्या लोकरीतलं गोखरू काढ."

मी तासभर काटे वेचत बसले. मेंढ्यांचा आकडा परक्या माणसाला सांगायचा नाही, दृष्ट लागते, ही त्या घरांतली रीत मला नंतर कळली. पण त्या तासाभरात अक्कांनी मला इतकं काही सांगितलं, की माझ्या छापील कागदावर त्यासाठी रकानाच नव्हता. कोणता पाला कोणत्या महिन्यात मेंढीला चालतो, कोणत्या गावचा शेतकरी आपण होऊन बोलावतो आणि कुठला बांधावरूनच हाकलतो, हे सगळं त्या कात्री चालवता चालवता सांगत होत्या. आज अक्का पंच्याहत्तर वर्षांच्या होत आहेत, आमच्या ओळखीलाही बराच काळ लोटला, पण मेंढ्यांचा आकडा काही त्यांनी मला आजतागायत सांगितलेला नाही.

अक्कांना ओळखणारी मंडळी या गौरवग्रंथात पुष्कळ काही लिहितील. ज्यांना त्या ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अक्कांचा जन्म आणि लग्न दोन्ही मेंढपाळ घरांतलं. दिवाळीनंतर कळप घेऊन कोकणात उतरायचं आणि पावसाच्या आधी परत देशावर यायचं, हे त्यांनी अनेक वर्षं पायी केलं. पुढे कळप कमी झाला, थोडी शेती आली, घर एका जागी बसलं. शाळा त्यांनी बाहेरूनच पाहिली. आमच्या संस्थेने त्यांच्या वस्तीजवळ दोन खोल्यांचं केंद्र काढलं तेव्हा अक्कांना "माहितगार" म्हणून बोलावलं होतं. बघता बघता केंद्र त्यांचं झालं आणि आम्ही पगारी माणसं त्यांची पाहुणी झालो. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही.

केंद्राचं काम एका ओळीत सांगायचं तर दोन तऱ्हेच्या माणसांना एका सतरंजीवर बसवणं. इंदापूर-बारामतीकडचा उसवाला शेतकरी आणि माळावरचा मेंढपाळ एकाच बाजारात मीठ-मिरची घेतात, पण एकमेकांच्या जगण्याची त्यांना फारशी खबर नसते. उसवाल्याला वाटतं, मेंढरं म्हणजे बांधावरची नासाडी. मेंढपाळाला वाटतं, उसवाला म्हणजे काठी. हे मी ठामपणे लिहू शकते, कारण ती काठी माझ्या घरात दाराआड उभी असायची. मी बावड्याच्या ऊस पिकवणाऱ्या घरातली मुलगी. माझे वडील, ज्यांना सगळे आप्पा म्हणतात, बांधावर मेंढरू दिसलं की ताटावरून उठून धावत.

आमच्या रानाची खालची पट्टी तीन एकरांची. पाणी मुबलक होतं म्हणून आप्पांनी वर्षानुवर्षं तिथं उसामागून ऊस घेतला आणि ती पट्टी चोपण झाली. उन्हाळ्यात मातीवर पांढरा थर यायचा, बी टाकलं तर उगवायचं नाही. आजोबांनी ती पट्टी बैलांनी वाहितीखाली आणली होती. आप्पा तिकडे जायचेच बंद झाले होते. घरात कुणी त्या पट्टीचा विषय काढला की ते उठून बाहेर जात. ती जमीन परत पिकती व्हावी, एवढंच त्यांना हवं होतं, आणि ते आपल्या हयातीत होणार नाही असं त्यांनी मनोमन धरलं होतं.

मी अक्कांना रान दाखवायला नेलं. त्यांनी चिमूटभर माती जिभेवर ठेवली, थुंकली, दहा पावलांवरची दुसरी चिमूट घेतली. पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत त्या अशा चाखत गेल्या आणि म्हणाल्या, "वरल्या अंगाला जीव हाय अजून. तितनं सुरवात करा. चर खांदा, ताग गाडा, आन् मेंढरं बसवा." शेतात मेंढरं बसवणं म्हणजे दोरीच्या जाळ्यात, ज्याला वाघर म्हणतात, कळप रात्रभर मुक्कामाला ठेवणं. लेंडी आणि मूत जमिनीत जातं आणि वाघर रोज पुढे सरकते. ही जुनी रीत आहे. आप्पांच्या गळी ती उतरवायला मला महिना लागला. काठी दाराआड ठेवून मेंढपाळाला आमंत्रण द्यायचं, हे त्यांना सोपं नव्हतं.

अक्कांच्या शब्दावर बिरूतात्या आपला कळप घेऊन आले. तात्या अक्कांच्या नात्यातले, फार न बोलणारे. पाऊस नुकताच सरला होता. तात्यांची पद्धत अशी, की पहिल्या संध्याकाळी कळप रानात मोकळा सोडायचा. मेंढरं आपण होऊन जिथं बसतील तिथं पहिली वाघर लावायची. मी मात्र माती परीक्षणाचा कागद घेऊन उभी होते. खालच्या कोपऱ्यात क्षार सगळ्यांत जास्त, म्हणून सुरुवात तिथून, असा माझा नकाशा होता. तात्या म्हणाले, "तितं ओल हाय. मेंढरू बसायचं न्हाय." मी म्हणाले, "तात्या, शास्त्राप्रमाणे तिथंच गरज आहे." अक्का त्या दिवशी तिथं नव्हत्या. तात्यांनी आप्पांकडे पाहिलं. मुलगी शिकलेली म्हणून आप्पांनी मान डोलावली. यजमानाचा शब्द मोडायचा नाही म्हणून तात्यांनी खाली वाघर लावली.

तीन दिवस मी माझा नकाशा चालवला. मेंढरं ओलीत बसलीच नाहीत, रात्रभर उभी राहिली. चौथ्या दिवशी सकाळी मी गेले तेव्हा बऱ्याच मेंढ्या लंगडत होत्या. खारट चिखलात खुरांच्या बेचक्यात जखमा झाल्या होत्या, दोन कोकरं मान टाकून पडली होती. तात्या जाळं गुंडाळत होते.

आमच्या भागात कळप हलताना शेतमालकाच्या घरची बाई येते आणि पुढच्या मेंढीच्या कपाळाला भंडारा, म्हणजे हळद, लावते. मगच मेंढरं बांध ओलांडतात. आई हळदीची वाटी घेऊन घरून निघाली होती. ती रानात पोचेपर्यंत कळप बांधापलीकडे गेला होता. तात्या थांबले नाहीत. आई वाटी हातात धरून तशीच उभी राहिली. त्या दिवसासारखी लाज मला आयुष्यात कधी वाटलेली नाही.

बातमी कळपाकळपातून पसरते. बावड्याच्या त्या रानात मेंढरांचे पाय जातात, असं एकदा झालं की पुन्हा कुणी मेंढपाळ तिकडे फिरकत नाही. आप्पांनी पट्टीकडून पुन्हा तोंड फिरवलं.

अक्का मला रागावतील अशी माझी अपेक्षा होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "उद्या सुट्टी मिळंल का?" दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी एसटीने मोरगावला गेलो. गावाबाहेरच्या माळावर तात्यांचा तळ होता. वाटेत मी माफीची वाक्यं जुळवत होते. अक्का म्हणाल्या, "बोलू नगंस. हात चालीव."

तात्यांनी आमच्याकडे पाहिलं न पाहिलंसं केलं. अक्का सरळ जाऊन बसल्या, एका मेंढीचा पाय मांडीवर घेतला आणि दुसरी माझ्याकडे ढकलली. कडुनिंबाच्या पाल्याचं उकळलेलं पाणी, चिंधी आणि एक बोथट चाकू. दिवसभर मी खुरं धुतली. पाठ मोडून आली, हाताला वास बसला. उन्हं कलल्यावर तात्या जवळ आले आणि अक्कांना म्हणाले, "ही कोण म्हणायची?" मला ते चांगलं ओळखत होते.

"शिकाय आलीया," अक्का म्हणाल्या.

"शिकलेली हाय न्हवं?"

"व्हय. म्हणून येळ लागंल."

तात्यांच्या मिशीत हसू आलं की नाही ते मी सांगू शकत नाही. पण त्यांच्या बायकोने मला भाकरी दिली. कोकरं वाचली, हे मला तिथंच कळलं आणि मी भाकरी हातात धरून रडले. अक्कांनी माझ्याकडे लक्ष दिलं नाही, याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे.

केंद्रात दर महिन्याला बाजाराच्या दिवशी बैठक होते. पुढच्या बैठकीत अक्कांनी मला उभं केलं आणि घडलेलं सगळं सांगायला लावलं. समोर मेंढपाळ होते, उसवाले होते आणि मागे भिंतीला टेकून आप्पा होते. मी सांगितलं. खोलीत कुणी हसलं नाही. थोड्या वेळाने एक द्राक्षवाले शेतकरी उठले आणि त्यांनी आपली एक चूक सांगितली. मग एका मेंढपाळाने. त्या दिवसापासून आमच्या केंद्राचा तो नियमच झाला. इथं कुणाला काही शिकवायचं असेल त्याने आधी आपली एक चूक सांगायची. मोठ्या पदावरचे पाहुणे येतात, भाषणाची तयारी करून येतात आणि अक्का त्यांना हात जोडून म्हणतात, "सायेब, पयली चूक." एक साहेब घड्याळ बघून निघून गेले होते. बाकीचे बहुतेक थांबतात, आणि थांबतात ते पुन्हा येतात.

दुसऱ्या मुलखातली माणसं आमच्याकडे येऊ लागली तेव्हा या नियमाचं मोल मला नीट कळलं. लडाखच्या उंच पठारावर शेळ्या-मेंढ्या पाळणाऱ्या पद्मा नावाच्या बाई दोन दिवसांसाठी आल्या होत्या. सोबत पुण्यात शिकणारी त्यांच्याकडची एक मुलगी होती. पद्माबाई आपल्या भाषेत बोलत, ती मुलगी हिंदीत सांगे आणि मी मराठीत. अक्कांनी नियम सांगितला. पद्माबाई म्हणाल्या, एका हिवाळ्यात सासूचं न ऐकता मी तळ लवकर हलवला, वाटेत बर्फाने गाठलं आणि करडं गेली.

मी भाषांतर संपवलं. मग अक्कांनी आपली एक गोष्ट सांगितली, जी आमच्यापैकी कुणीच कधी ऐकली नव्हती. तरुणपणी कोकणातून परतताना घराची ओढ लागली म्हणून त्यांनी भुकेली मेंढरं ज्वारी कापलेल्या रानात घातली होती. धाटांना फुटलेले कोवळे कोंब विषारी असतात हे त्यांना ठाऊक होतं. मेंढरं गेली. "ठावं आसून घातली," असं त्या दोनदा म्हणाल्या. हे मी हिंदीत सांगू लागले. पद्माबाईंनी हात वर करून मला थांबवलं. त्यांना काय कळलं आणि किती, मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दोघी मेंढरांत बसल्या. आजारी मेंढरू ओळखायला पद्माबाई आधी कान चाचपत, अक्का आधी डोळ्याची पापणी उलटून बघत. दोघींनी एकमेकींची तऱ्हा करून पाहिली. आमच्या कार्यालयातल्या एकाने मोबाइल काढून चित्रण सुरू केलं, तेव्हा अक्कांनी त्याला आधी पद्माबाईंची परवानगी घ्यायला लावली. त्या नको म्हणाल्या, त्यामुळे चित्रण झालं नाही. निरोपाच्या वेळी अक्कांनी त्यांना घोंगडी दिली. पद्माबाईंनी गालाला लावून पाहिली आणि प्रामाणिकपणे सांगितलं, की ही फार टोचते. मऊ लोकरीच्या मुलखातून आलेल्या बाई त्या. मी हे भाषांतर गाळणार होते, पण अक्कांनी माझा चेहरा ओळखला आणि खरं काय ते सांगायला लावलं. ऐकून त्या खूश झाल्या. "खरं बोलली बया. तिला सांग, अंगावर नगं, खाली हातर." बाहेरून आलेल्या माणसाचं कौतुक करून त्याला वाटेला लावणं सोपं असतं. अक्का त्याला आपल्या बरोबरीचा मानतात, त्याच्याकडून शिकतात आणि त्याला पटलं नाही तर ऐकून घेतात. दोन संस्कृतींची देवाणघेवाण वगैरे शब्द आम्ही संस्थेच्या अहवालात लिहितो. मला ते शब्द लिहिताना त्या दोघी डोळ्यांपुढे येतात.

अक्कांचा जीव लावण्याचा प्रकारही त्यांच्यासारखाच आहे. माझी मुलगी झाली तेव्हा मी बारामतीला दवाखान्यात होते. अक्का एसटीने आल्या, बाळाच्या पायाच्या तळव्याला बोट लावलं, म्हणाल्या, "चालणारी हाय," आणि मला नीट झोप लागावी म्हणून दुपारभर बाळ घेऊन व्हरांड्यात बसल्या. जाताना सांगून गेल्या नाहीत. उशाशी भाजलेल्या जवसाची चटणी ठेवलेली होती.

बिरूतात्या मधले दोन मोसम आमच्याकडे आले नाहीत. अक्कांनी त्यांना एकदाही आग्रह केला नाही. आम्ही मात्र अक्कांनी पहिल्यांदा सांगितलेलं ऐकलं. पट्टीत चर खोदले, ताग पेरून गाडला, वरच्या उसाचं पाणी आवरलं. आप्पा कुदळ घेऊन स्वतः उतरले. तिसऱ्या मोसमात, पाऊस सरल्यावर, तात्या कुणी न बोलावता बांधावर येऊन उभे राहिले. "जमीन वाळली का?" एवढंच त्यांनी विचारलं. आप्पांनी त्यांच्या हातातली काठी घेतली, बाजूला ठेवली आणि त्यांना ओट्यावर नेलं. आमच्या ओट्यावर मेंढपाळ बसलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. कळप मोकळा सोडला आणि मेंढरं वरच्या अंगाला जाऊन बसली. कळप निघाला त्या दिवशी आई पहाटेच वाटी घेऊन रानात हजर होती.

नुसत्या मेंढरांनी जमीन सुधारली असं मी म्हणणार नाही, माझ्या पदवीला ते शोभणार नाही. चरांचंही काम आहे, तागाचंही. पण वरच्या अंगाला ज्वारी आली. मग मधल्या भागात आली. खालचा कोपरा अजून पांढरा पडतो. तात्या दरवर्षी येतात आणि मेंढरं दरवर्षी थोडी खाली बसतात.

यंदा तात्या आले ते वेगळं सांगायला. ओट्यावर अक्काही होत्या. तात्या म्हणाले, "पोरगा कंपनीत लागलाय. माजं गुडघं ऱ्हायलं न्हाईत. ह्यो मोसम झाला की मेंढरं इकायची."

खालचा कोपरा तसाच राहणार, हे मला लगेच दिसलं. अक्का जमिनीकडे बघत होत्या. ज्या कामासाठी त्यांनी इतकी वर्षं माणसं जोडली ते पुढे कोण करणार, हा प्रश्न त्यांच्या तोंडावर स्पष्ट होता. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं.

आप्पा म्हणाले, "तात्या, एक खंडी मला द्या." मेंढपाळांच्या हिशेबात खंडी म्हणजे वीस.

तात्यांना वाटलं चेष्टा चाललीय. "आप्पा, तुमाला मेंढरू कवा आजारी पडतं ते तरी कळतंय का?"

"न्हाय कळत. म्हणून तर इचारतोय."

तात्या अक्कांकडे बघायला लागले. अक्कांनी डोळे पुसले. "मी शिकवीन," त्या म्हणाल्या. "पर ह्ये उसवालं. येळ लागंल."

मोसम संपल्यावर तात्यांची एक खंडी आमच्या दारात आली. सत्तरीचे माझे वडील आता एक दिवसाआड बावड्याहून एसटीने निमगाव केतकीला अक्कांकडे शिकायला जातात. विद्यार्थी म्हणून ते सुमार आहेत. परवा त्यांनी लाडाने मेंढरांपुढे उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, जास्त टाकलं आणि चार मेंढ्यांची पोटं फुगली. अक्कांनी फोनवर त्यांना जे सुनावलं ते या ग्रंथात छापण्यासारखं नाही. आप्पा "व्हय अक्का, चुकलं अक्का" म्हणत उभे होते. मेंढरांमागे काठी घेऊन धावणाऱ्या माणसाच्या तोंडून हे ऐकताना मला हसू आलं.

या उन्हाळ्यात अक्कांचा खोकला बरेच दिवस हटला नाही. "आता माजं झालं बाय," असं त्या मला म्हणून गेल्या, अगदी सहज, चहाचा कप खाली ठेवता ठेवता. घरी येऊन मी ते आप्पांना सांगितलं. हा लेख लिहायला बसले तेव्हाही त्यांना विचारलं, की शेवटी अक्कांना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो असं लिहायचं आहे, तुमच्या वतीने काय लिहू. आप्पा मेंढीची पापणी उलटून बघत होते. वर न बघताच म्हणाले, "लिही, अक्का, मला अजून पापणी वाचाय येत न्हाय. माजं शिकून झाल्याबिगर तुमी कुठं जायाचं न्हाय. आन् मी लई सावकाश शिकणार हाय."